त्रिमूर्ती वाइंडिंग वर्क्स

मिक्सर जळाला त्या सकाळी ललिताला वाईट वाटायला हवं होतं. उडदाची डाळ अर्धी वाटून झाली होती, अर्धी पातेल्यात तशीच भिजून पडली होती, आणि संध्याकाळी पीठ न्यायला कॉलनीतली गिऱ्हाइकं डबे घेऊन दारात उभी राहणार होती. अशा ऐन वेळी भांड्याखालून आधी घरघर आली, मग धुराची बारीकशी रेघ निघाली आणि मिक्सर गपगार झाला. तिने पिन उपसली, कपाळाला हात लावला आणि तिथेच ओट्याला टेकून खाली बसली.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून आवाज आला, "वार्निश जळालं."

बोलणारा तिचा नवरा, धनराज. नुसता बोलला नाही, तर पलंगावरून उठला, स्वयंपाकघराच्या दारात आला आणि नाक वर करून वास घेत उभा राहिला. ललिता मिक्सर विसरली आणि त्याच्याकडे बघत राहिली, कारण हा माणूस न बोलावता स्वयंपाकघरात आल्याला वर्ष लोटलं होतं.

धनराज सातपूरच्या एका कंपनीत मोठ्या मोटारी बनवणाऱ्या खात्यात होता. विहिरीवरच्या पंपाच्या, गिरणीच्या, कारखान्याच्या मोटारी. एके दिवशी कंपनीच्या फाटकाला कुलूप लागलं. सुरुवातीला सगळे कामगार फाटकासमोर मांडव घालून बसले, घोषणा दिल्या, भाषणं ऐकली. मग प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टात गेलेली गोष्ट कधी बाहेर येते का? पुढारी प्लॉट विकण्याच्या धंद्यात शिरले. बाकीच्यांनी मिळेल ते काम धरलं. धनराजने पलंग धरला. तो अंघोळीला उठायचा, जेवायला उठायचा, पण त्याला काही उठणं म्हणत नाहीत. पहाटे पहिल्या पाळीच्या बसचा हॉर्न वाजला की तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मुलगी स्नेहल लग्न होऊन पिंपळगावला गेलेली, त्यामुळे घरात बोलायला दुसरं माणूस नव्हतं. ललिताने इडली-डोशाचं पीठ विकायला सुरुवात केली आणि त्यावर घर चाललं होतं. पण घर चालणं आणि घरात माणूस असणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिला त्या वर्षात चांगलंच समजलं होतं.

धनराजने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, मिक्सर आडवा केला आणि पेचकस मागितला. खालचं झाकण काढून तो बराच वेळ आत बघत होता.

"बाहेरची फील्डची कॉइल गेली," तो म्हणाला. "मधलं फिरणारं आर्मेचर शाबूत आहे."

ललिताच्या अगदी ओठांवर आलं होतं की दुपारी दुकानात टाकून येते. ते तिने गिळलं. एक तर कॉलनीत अशी रीतच होती की कामगाराच्या घरची वस्तू दुकानात जात नाही. कुकरच्या दांड्यापासून स्कूटरच्या क्लचपर्यंत काहीही बिघडलं तरी ते दुरुस्त करणारा कुणी ना कुणी आपल्याच लाइनीत असायचा, आणि जो दुकानात गेला त्याची महिनाभर थट्टा व्हायची. पण तिने शब्द गिळला तो रीतीसाठी नव्हे. नवरा उठून बसला होता, त्याच्या हातात पेचकस होता आणि चेहऱ्यावर जरा रंग आला होता. मिक्सर नसला तर नसला, ती विमलाबाईंच्या घरी जाऊन पीठ वाटेल. विमलाबाई समोरच्याच ओळीत राहायच्या.

"तुम्हीच बघा काय ते," ती म्हणाली. "मला त्यातलं काय कळतं?"

आता खरी अडचण पुढेच होती. धनराजने एकोणीस वर्षं मोटारी बनवल्या खऱ्या, पण अख्खी मोटार एकट्याने कधीच बनवली नव्हती. कंपनीत एक माणूस एकच काम करायचा. तांब्याच्या तारेचे वेढे मारून कॉइल तयार करायचा सावळीराम. ती कॉइल खाचेत बसवून दोऱ्याने बांधायचा धनराज. आणि कॉइलींच्या वायरी एकमेकींना जोडायचा नाथा. तिघे एका रांगेत बसायचे, एकाचं काम संपलं की दुसऱ्याचं सुरू. धनराजच्या बांधणीला तर बाहेरून आलेले साहेबलोक हात लावून बघायचे. पण वेढे मारणं त्याला येत नव्हतं आणि जोडणीला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. दुसऱ्याच्या कामाला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटातलं खाणं, असं लाइनीत समजत.

दुसऱ्या दिवशी धनराजने दाढी केली आणि त्या दोघांना गाठायला सायकल बाहेर काढली. ललिताने खिडकीतून बघितलं. चाकात हवा नव्हती, म्हणून तो सायकल हातात धरून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेला आणि तिथून बसून पुढे गेला. ती तशीच गजांना धरून उभी राहिली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

रविवारी सकाळी तिघे पुढच्या खोलीत जमले. सावळीराम दिंडोरीकडचा, अंगाने वाळलेला, मोजकं बोलणारा. कंपनी गेल्यावर तो द्राक्षाच्या पॅकिंगला जात होता आणि दिवसभर घड कातरून त्याची बोटं काळी पडली होती. नाथा सिन्नरचा, जाडजूड आणि तोंडाळ. तो दुसऱ्याची रिक्षा चालवायचा आणि गिऱ्हाइकाशी भांडण झालं नाही तर त्याला दिवस फुकट गेल्यासारखा वाटायचा. दोघांनी धनराजला नीट बघून घेतलं. मग नाथा म्हणाला, "वहिनी, ह्याला काय खायला घालता? लय गोरा झालाय घरात बसून." आणि तिघेही हसले.

सावळीरामने जळकी कॉइल मांडीवर घेतली आणि वेढे मोजत उलगडायला सुरुवात केली. "लय बारीक तार हाय ही," तो म्हणाला. "केसावानी." पण एकदा लाकडाच्या ठोकळ्यावर नवी तार चढायला लागली तसे त्याचे खांदे सैल झाले, डोळे अर्धे मिटले आणि बोटं आपापली चालायला लागली. कॉइल झाली की त्याने न बघता हात डावीकडे केला आणि धनराजने न बघता ती घेतली. धनराजने कागद लावून ती बसवली, दोऱ्याच्या गाठी मारल्या, गाठीगाठीवर अंगठा दाबला आणि हात डावीकडे केला. तिकडे नाथा पकड घेऊन तयारच होता.  ललिता चहा घेऊन आली आणि कप हातात धरून दारातच थांबली, कारण ते बघताना मध्ये चहा आणायचं तिच्या जिवावर आलं.

कॉइलीला वार्निश लावून झाल्यावर ती भाजायला कंपनीत भट्टी होती. इथे भट्टी कुठली? ललिताने गच्चीवर सांडगे वाळत घातले होते, त्याच चादरीच्या कडेला तिने कॉइल ठेवली. नाशिकचं एप्रिलचं ऊन, त्याला काय कमी? पुढचे काही दिवस ती रोज सांडगे फिरवायला जायची, तेव्हा कॉइलही उलटीपालटी करायची आणि पदराने तिच्यावरची धूळ झटकायची. विमलाबाईंनी विचारलं, हे काय वाळत घातलंय? ललिता म्हणाली, "ह्यांचं वाळवण." सांगताना तिला हसू आवरेना.

त्या आठवड्यात घर बदललं. संध्याकाळी नाथा रिक्षा घेऊन दारात यायचा, सावळीराम पॅकिंगहून परस्पर यायचा आणि तिघे दारापुढच्या ओट्यावर बसून बोलायचे. बोलणं मिक्सरवरून पंपावर गेलं. उन्हाळ्यात दिंडोरीपासून निफाडपर्यंत द्राक्षवाल्यांच्या मोटारी जळतात, त्या भरायला, म्हणजे नव्या कॉइली घालायला, रांगा लागतात, आणि भरणारे कोण, तर चार दिवस कुठेतरी शिकलेली पोरं. आपण तिघे म्हणजे अख्खी लाइन. अंबडला एखादा गाळा बघायचा. नाव काय ठेवायचं ह्यावर नाथाने आणि सावळीरामने एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि शेवटी 'त्रिमूर्ती वाइंडिंग वर्क्स' ठरलं. तिघांत ब्रह्मदेव कोण, ह्यावरून पुन्हा थट्टा झाली.

"आधी हा मिक्सर चालवून दाखवू," धनराज म्हणाला. "मग गाळ्याचं. पहिला माल घरचा."

पहाटेचा बसचा हॉर्न वाजला तेव्हा तो आता भिंतीकडे वळत नव्हता. एकदा तर तो उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला आणि पाळीला जाणाऱ्या लोकांना हात केला. ललिताने आशा धरायची नाही असं मनाशी पक्कं ठरवलं होतं. पण आशा काही ठरवून धरत नाही कुणी. तिने विमलाबाईंना सांगितलं, पिंपळगावला फोन लावून स्नेहलला सांगितलं, आणि कपाटातल्या धनराजच्या कंपनीच्या शर्टाला इस्त्रीही केली. शर्ट कशासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी मिक्सर जुळवून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. ललिताने तांदूळ भिजवले होते. धनराजने पिन लावली, नाथाने बटणावर बोट ठेवलं, सावळीरामने देवाचं नाव घेतलं.

मोटार फिरली. काय तो आवाज! एकसारखा, भरीव, कुठे खरखर नाही की ठिणगी नाही. तिघांनी एकदम माना डोलावल्या. नाथाने सावळीरामच्या पाठीत अशी थाप मारली की तो खोकायला लागला.  धनराजने मिक्सरच्या पाठीवर तळहात ठेवला होता आणि तो नुसता हसत होता. मोटार कुठल्या बाजूला फिरते आहे हे त्या आनंदात कुणीही बघितलं नाही.

"वहिनी, भांडं आणा," नाथा म्हणाला.

ललिताने भांड्यात तांदूळ घातले, झाकण लावलं आणि बटण दाबलं. भांडं गरकन फिरलं, आपल्या जागेवरून सुटलं आणि आडवं झालं. तांदळाचं पाणी भिंतीवर, नाथाच्या तोंडावर, देवाच्या फळीवर उडालं. खालचा कपलर, म्हणजे भांड्यातली पाती फिरवणारी ती काळी रबरी चक्ती, आटे सुटून जमिनीवर पडला आणि घरंगळत कोठीच्या मागे गेला.

नाथाने तोंड पुसलं आणि मोठ्याने हसला. "उलटा फिरतोय, आणखी काय? दोन वायरी बदलल्या की झालं."

ह्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या मोठ्या मोटारींना तीन वायरींची वीज लागायची. त्यातल्या कुठल्याही दोन वायरी आपसात बदलल्या की मोटार उलट्याची सुलटी फिरायची, हे कंपनीतला झाडूवालासुद्धा झोपेत सांगू शकला असता. नाथाने मिक्सरची पिन उघडली. आत दोनच वायरी होत्या. त्याने त्या आपसात बदलल्या, पिन मिटली, कपलर शोधून आणून घट्ट बसवला.

मिक्सर उलटाच फिरला.

त्याने पुन्हा पिन उघडली, वायरी पुन्हा बदलल्या. पुन्हा उलटाच. मग त्याने बटणाजवळच्या वायरी बदलल्या. मग तिघांनी मिळून भिंतीवरचा सॉकेट उघडला आणि त्यातल्याही बदलल्या. मिक्सर आपला तसाच, तितक्याच सुंदर आवाजात, उलटा फिरत होता. घरातल्या ह्या मोटारीची तऱ्हाच निराळी होती. तिला बाहेरून कितीही वायरी फिरवल्या तरी फरक पडत नाही, हे त्या तिघांतल्या एकालाही माहीत नव्हतं. त्यांच्या हातांनी जन्मभर एकाच जातीची मोटार बघितली होती.

तिघांच्याही कपाळावर आठ्या पडल्या. मग नाथा म्हणाला, "जोडणीत काय नाय. माझ्याकडून बरोबर गेलंय."

हे वाक्य कुठून आलं ते ललिताला लगेच कळलं. कंपनीत एखादी मोटार शेवटी नापास झाली की लाइन थांबवायचे आणि दोष कुणाच्या कामाचा ते शोधायचे. ज्याचा निघेल त्याच्या बसायच्या जागेवरच्या खुंटीला लाल रंगवलेला पत्र्याचा तुकडा टांगायचे. आठवडाभर तो पत्रा तिथे लटकायचा, येणारा-जाणारा बघायचा, आणि वर सगळ्या लाइनीचा जादा कामाचा भत्ता जायचा. त्यामुळे मोटार बिघडली की ती सुधारायची कशी हे कुणाच्या डोक्यात यायच्या आधी तोंडात वाक्य यायचं, माझ्याकडून बरोबर गेलंय. धनराज हे वाक्य झोपेतही बरळायचा.

"वेढे उलटे पडले असतील," धनराज म्हणाला.

सावळीराम सहसा चिडत नसे. पण आता त्याने मान वर केली. "मी डावीकडून उजवीकडं मारतो. आजपत्तोर तसंच मारलं. माझ्या खुंटीला पत्रा कवा लागला, सांग बरं."

"मग बसवताना फिरवली असंल," नाथा म्हणाला. "बांधणीवाल्यानं."

"मी फिरवली?"

"नाय तर काय मी? खत कारखान्याच्या लॉटाला काय झालं होतं? अख्खा लॉट परत आला. तुझ्या बांधणीनं. आणि पत्रा लटकला माझ्या खुंटीला."

धनराजचा चेहरा उतरला. तो लॉट ललितालाही माहीत होता. कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं ते. त्या लॉटनंतर ऑर्डरी आटत गेल्या आणि दुसऱ्या वर्षी फाटकाला कुलूप लागलं. कुलूप काही एका लॉटमुळे लागलं नव्हतं, मालकांचे भाऊ-भाऊ भांडत होते आणि बँका दारात बसल्या होत्या, सगळ्या सातपूरला ते ठाऊक होतं. पण कंपनी बंद पडल्यापासून धनराजने त्या लॉटचं नाव काढलं नव्हतं, आणि माणूस जी गोष्ट मुळीच बोलत नाही तीच त्याला खात असते.

"तो लॉट तुझ्या जोडणीचा होता," धनराज म्हणाला. 

"तो तुझा होता. साहेबाला तू बांधणी दाखवून गोड बोललास म्हणून पत्रा माझ्याकडं आला. हे तुलाबी माहीत हाय."

"भाऊ," ललिता मध्ये पडली, "एका मिक्सरसाठी कशाला? तुम्ही पंपाच्या मोटारी भरणार. ते काम तर तुम्हाला येतंच ना? ह्याचं काय, कोपऱ्यावरच्या दुकानात दाखवू, तो सांगेल काय ते."

तिने चांगल्यासाठी सांगितलं, आणि सांगितलं तेही खरंच होतं. पण दुकान हा शब्द उच्चारायला नको होता.  सावळीरामने उरलेली तार गुंडाळली, पिशवीत टाकली आणि चपला घातल्या. नाथाने पकड आणि पेचकस आपले होते तेवढे उचलले.

"त्रिमूर्ती," तो दारातून म्हणाला. "ह्याच्याबरोबर धंदा करायचा म्हणजे जन्मभर खुंटीला पत्रा."

रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. धनराज पुढच्या खोलीत गेला. ललिताने भिंतीवरचं तांदळाचं पाणी पुसलं आणि मिक्सर ओट्याखाली सरकवून ठेवला.

त्यानंतर पूर्वीचेच दिवस परत आले, पण आणखी वाईट होऊन. आधी तो निदान कंपनी उघडेल म्हणायचा. आता तेही थांबलं. ललिता रोज पातेलं घेऊन विमलाबाईंकडे जायची. विमलाबाई मनाने चांगल्या होत्या, पण दुसऱ्याच्या मिक्सरवर रोज पीठ वाटायचं म्हटलं की चांगल्या माणसालाही कंटाळा येतो. आधी त्यांनी लाइटबिलाचा विषय काढला, मग त्यांच्या सुनेने भांड्याच्या पात्यांना धार राहिली नाही असं भिंतीला ऐकवलं. ललिताने ते ऐकलं, पातेलं उचललं आणि घरी आली. आता पीठ बंद करायचं किंवा रीत मोडायची. तिने मिक्सर पिशवीत घातला आणि धनराजला काही न सांगता सातपूर गावातल्या दुकानात घेऊन गेली.

दुकानदाराने मिक्सर चालवून बघितला, बंद केला आणि खालचं झाकण काढलं. आत बघून तो थांबला.

"हे वाइंडिंग कुणी केलं, ताई?"

"घरीच केलंय," ललिता म्हणाली. तिला वाटलं, आता हा हसणार.

"हातानं? अशी बांधणी मी तरी बघितली नाही. ह्या गाठी बघा." त्याने बोट लावून दाखवलं. "फक्त आर्मेचरला वीज देणाऱ्या ह्या कार्बनच्या दोन वायरी इकडच्या तिकडे लागल्यात. बाहेरून फिरवून उपयोग नसतो, इथे आत फिरवाव्या लागतात." त्याने दोन वायरी सोडवल्या, अदलाबदल करून जोडल्या आणि बटण दाबलं. मिक्सर सरळ फिरायला लागला. "ज्यांनी हे केलं त्यांना पाठवा माझ्याकडे. माझ्याकडे जळक्या कॉइली पडून आहेत आणि करणारा कोणी टिकत नाही. त्यांनी फक्त भरायचं आणि बांधायचं, जोडायला मी आहे."

ललिता घरी आली ती जवळजवळ पळतच. मिक्सरची पिशवी खांद्याला आपटत होती आणि तिचं लक्ष नव्हतं. वाटेत तिने काय काय सांगायचं ते मनात जुळवलं. दुकानात नेला म्हणून तो रागावेल, रागावू दे. तुमच्या बांधणीचं दुकानदाराने कौतुक केलं, हे सांगायचं. काम आहे, लगेच आहे, हे सांगायचं. नाथाभाऊ, सावळीरामभाऊ, सगळ्यांचं काम चांगलं होतं, दोन वायरींचाच घोळ होता, त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं, हेही सांगायचं. ह्यातल्या एका तरी गोष्टीने तो उठेल अशी तिची खात्री होती.

धनराज पलंगावर होता. तिने मिक्सर त्याच्यासमोर स्टुलावर ठेवला, पिन लावली आणि चालवून दाखवला. मग तिने सगळं सांगितलं, धाप लागलेली असतानाच, एकावर एक. दुकानात नेलं ते, गाठींचं, जळक्या कॉइलींचं, पाठवा म्हणाला ते. आणि मध्येच कुठेतरी, आतल्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या हेही.

धनराज उठून बसला. खरोखरच त्याच्या चेहऱ्यावर रंग आला, त्या पहिल्या सकाळसारखा, नव्हे, त्याहून जास्त.

"आतल्या वायरी?" त्याने विचारलं. "नक्की आतल्या म्हणाला?"

"हो. कार्बनच्या. त्याने माझ्यासमोर बदलल्या."

धनराज उभा राहिला. त्याने तोंड धुतलं, केस विंचरले, कपाट उघडलं आणि कंपनीचा तो इस्त्रीचा शर्ट अंगात घातला. ललिताने त्याला हसून रुमाल दिला. आता तिला हसायला भीती वाटत नव्हती. दुकान आठपर्यंत उघडं असतं, ती म्हणाली, शाळेसमोरची ओळ, निळी पाटी.

"नाथाकडे जाऊन येतो," धनराज म्हणाला.

तिचा जीव सुपाएवढा झाला. आधी मित्राकडे, मग कामाकडे. बरोबरच होतं ते. "जा," ती म्हणाली. "त्यांनाही सांगा, झालं गेलं विसरा म्हणावं."

"ते नाही." धनराज चपला घालत होता. "जोडणी चुकलेली होती. बांधणी बरोबर होती. म्हणजे तो लॉटही त्याचाच." मग चपलेचा पट्टा नीट करून तो म्हणाला, "त्याच्या तोंडावर सांगतो."

तो गेला. चालत गेला, भराभर, ताठ मानेने. ललिता दारात उभी होती तशीच उभी राहिली. 

दिवेलागणीला तो परत आला तो वेगळाच होऊन. हातपाय धुतले, पाटावर बसला, आमटी पुन्हा मागून घेतली. कंपनी बंद पडल्यापासून त्याने आमटी पुन्हा मागितलेली तिला आठवत नव्हती.

"काय म्हणाले नाथाभाऊ?" तिने विचारलं.

"काय म्हणणार? गप्प बसला. त्याच्या बायकोसमोर सांगितलं मी." त्याने भाकरीचा घास आमटीत बुडवला. "माझ्याकडून बरोबर गेलं होतं, ललिता. पहिल्यापासून."

तो असा शांत कधी दिसला नव्हता. त्याच्या कपाळावरची एकूण एक आठी गेली होती. कंपनी कधीतरी उघडावी म्हणून हा पलंगावर पडून वाट बघतोय, असं तिला आजवर वाटत होतं. पण त्याला कंपनी नको होती, कामही नको होतं. दोष आपला नव्हता, एवढं कुणीतरी सांगावं, ह्याचीच तो वाट बघत होता, आणि ते आज तिनेच आणून त्याच्या पदरात टाकलं होतं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

तरी तिने एकदा विचारून बघितलं. "आणि त्या दुकानदाराला काय सांगू?"

धनराजने ताटातून मान वर केली. "कुठल्या दुकानदाराला?"

 ललिताने त्याला भात वाढला.